फ्यूज का गेला?

जानेवारीतल्या एका मंगळवारी रात्री आमचा ड्रायर थंड पडला. बंद पडला असं काही म्हणता येत नाही. बटण दाबलं की नेहमीसारखा घुरघुरत होता, ड्रम गरागरा फिरत होता, मिनिटं उलटी मोजली जात होती आणि पाऊण तासाने "झालं हो!" अशा थाटात शिट्टीही वाजली. दार उघडून हात घातला तर आत चादरी जशाच्या तशा ओल्यागार.

आता ड्रायर बिघडणं हा काही लिहायचा विषय आहे का? एरवी नसता. पण त्या आठवड्यात आमचा धाकटा शाळेतून उलट्यांची साथ घेऊन आला होता. दोन रात्रींत चार चादरी, उशांचे अभ्रे, एक रजई आणि एक कापडी अस्वल, एवढा ऐवज धुऊन झाला होता, आणि मोठीचा चेहरा बघता तीही त्याच वाटेवर होती. डेट्रॉइटच्या या बाजूला जानेवारी म्हणजे काय ते सांगायला नको. बाहेर उणे चौदा. आमच्या वसाहतीच्या नियमावलीत तेव्हा अंगणात कपडे वाळत घालायला मनाई होती (दोरीवरचे कपडे दिसले की घरांच्या किमती पडतात म्हणे!), पण ती नसती तरी चादरीचा पापडच झाला असता.

मेकॅनिकला फोन केला. त्याला शुक्रवारपर्यंत वेळ नव्हता आणि नुसतं येऊन बघण्याचे सव्वाशे डॉलर. म्हटलं, आधी आपण बघू. मी अकाउंट्समध्ये काम करते, यंत्रांशी माझा संबंध नाही. पण वायरमनची मुलगी आहे. लहानपणी घरातला मिक्सर, इस्त्री, शेजाऱ्यांचा पंखा, जे काही उघडलं जायचं तेव्हा बॅटरी धरायचं काम माझ्याकडे असायचं. "उजेड हातावर नको, स्क्रूवर पाड," हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय.

सर्वात आधी ज्यात स्वतःचीच फजिती होते ते बघून घेतलं. कोणी चुकून 'गरम न करता नुसती हवा' असं सेटिंग लावलं नाही ना? नव्हतं. जाळीत लोकर भरली आहे का? (कपड्यांचा जो भुसा निघतो त्याला इथे लिंट म्हणतात, आमच्या घरात त्याला लोकर म्हणतात.) जाळी साफ होती. तळघरात जाऊन ड्रायरचा ब्रेकर पूर्ण खाली पाडून परत वर केला. ड्रायर फिरला, पण तापला नाही.

रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिकडे सकाळचे आठ. अण्णांना फोन लावायची वेळ तीच.

इथे थोडं सांगायला हवं. अण्णांना दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका येऊन गेला. हात-पाय बरेचसे सुधारले, बोलणं मात्र मागे राहिलं. डोक्यात सगळं लख्ख असतं, शब्द तोंडापर्यंत यायला वेळ लागतो. आणि समोरचा माणूस थांबत नाही. मीही थांबत नव्हते, खोटं कशाला बोलू? ते अडखळले की मीच वाक्य पूर्ण करून टाकायची आणि ते मान हलवायचे. हळूहळू आमचा फोन "जेवलात का? गोळ्या घेतल्या का? बरंय, आईला द्या" एवढ्यावर आला होता. ज्या माणसाने आयुष्यभर रात्री-बेरात्री खांबावर चढून अख्ख्या गावाशी भांडण केलं, तो फोनवर नुसती मान हलवतो हे मला बघवत नव्हतं. म्हणून मी लवकर ठेवायची.

त्या दिवशी आईने फोन उचलला आणि ड्रायरचं ऐकून म्हणाली, "अगं, मग घरातच दोरी बांध की! त्यात काय एवढं." मागून अण्णांचा आवाज आला, "काय झालं?"

मी सांगितलं. फिरतोय, पण तापत नाही.

"एक... फेज गेलाय," अण्णा म्हणाले. तीन शब्दच, पण दोन वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता.

आपल्याकडे ज्यांचं बालपण गावात गेलं त्यांना 'फेज गेला' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. निम्म्या आळीत लाईट, निम्म्या आळीत अंधार, पंखा जेमतेम फिरतोय आणि शेतातली मोटर नुसती हुंहुं करतेय. पण मला वाटलं, अमेरिकेतल्या घरात कुठले आलेत फेज? म्हणून वाचून बघितलं तर अण्णांचा नेम अगदी जवळ लागला होता. इथे घरात दोन तारा येतात. प्रत्येक तारेत आणि न्यूट्रलमध्ये १२० व्होल्ट, आणि त्या दोन तारांमध्ये मिळून २४०. दिवे, टीव्ही, मिक्सर १२० वर चालतात. विजेवरच्या ड्रायरला मात्र दोन्ही तारा लागतात. त्यातली गंमत अशी की त्याची मोटर एकाच तारेवर, १२० वर फिरते आणि हीटर दोन्ही तारांमध्ये, २४० वर तापतो. त्यामुळे दोनातली एक तार गेली की ड्रम फिरत राहतो आणि हवा थंड! म्हणून तर इथला ड्रायरचा ब्रेकरही जोडीचा असतो, ३० अँपिअरचा. कधीकधी त्या जोडीतला एकच आतून सोडून देतो आणि बाहेरून काहीच कळत नाही.

मी हे अण्णांना वाचून दाखवलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "सेंटर... सेंटर टॅप." म्हणजे बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याच्या मधोमध न्यूट्रल काढलाय, हे त्यांनी सांगलीत बसून ओळखलं. मी कागदावर काढून बघितलं तेव्हा मला पटलं.

दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून मल्टिमीटर आणला. रात्री पुन्हा फोन. या वेळी आईने फोन अण्णांच्या समोर डब्याला टेकवून ठेवला आणि मी इकडे मोठीला बॅटरी धरायला बसवलं. (तिला म्हटलं, उजेड प्लगवर पाड.) भिंतीतल्या प्लगच्या भोकात मीटरच्या काड्या घालायच्या, तर माझे हात थरथरत होते. अण्णा म्हणाले, "एक हात... खिशात."

"काय?"

"एक हात खिशात ठेव. एकाच हातानं."

जुन्या वायरमन लोकांचा हा नियम आहे. दोन्ही हात कामात असले आणि चूक झाली तर करंट एका हातातून दुसऱ्या हातात जाताना छातीतून जातो. एक हात खिशात असला की ती वाट तरी बंद. एका हाताने दोन काड्या धरणं म्हणजे चिमट्याने जेवण्यासारखं आहे, पण जमलं. दोन तारांमध्ये २४४. एकेकीत आणि न्यूट्रलमध्ये १२२, १२२.

"सप्लाय चांगलाय," अण्णा म्हणाले. स्वतःचं निदान चुकलं याचं त्यांना काही वाटलं नाही, उलट खूश दिसले. "आता मशीन. प्लग काढ आधी."

प्लग काढून ड्रायर पुढे ओढला आणि मागचा पत्रा खोलला. आत उजव्या बाजूला पत्र्याची एक उभी पेटी, त्यात हीटरची गुंडाळी. पेटीवर बसवलेल्या दोन टिकल्या, जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढ्या. तारा काढून हीटरचा रेझिस्टन्स मोजला, साडेदहा-अकरा ओहम. अण्णांनी क्षणभर डोळे मिटले आणि हिशोब केला. "बरोबर. पाच... साडेपाच किलोवॅट. हीटर चांगला." मग पहिली टिकली. मीटर वाजला, म्हणजे वाट सलग आहे. ती हाय-लिमिट थर्मोस्टॅट. पेटी जास्त तापली की ती सुटते आणि गार झाली की पुन्हा जुळते. मग दुसरी. मीटर गप्प. पुन्हा लावला, काड्या खरवडून लावला. गप्पच.

ही दुसरी टिकली म्हणजे थर्मल कटऑफ. तापमान हाताबाहेर गेलं की हा एकदाच तुटतो आणि पुन्हा जुळत नाही. थोडक्यात, फ्यूज. मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच, "अण्णा, सापडला!" मोठीने बॅटरी हलवली. थर्मोस्टॅट आणि कटऑफची जोडी मिळून तीसेक डॉलरला मिळत होती, पण यायला दोन दिवस लागणार होते.

दोन दिवस! एव्हाना मोठीलाही सुरू झालं होतं. तेवढ्यात नवरा वरून उतरला. त्याने तोवर कुठला तरी व्हिडिओ पाहून ठेवला होता. म्हणाला, "अगं, ते कटऑफ मधे नुसतं एका वायरने जोडून टाकायचं. तो माणूस म्हणतो चालतं. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, नवीन आला की काढू." आणि खरं सांगते, मला पटलं होतं. तारेचा तुकडा सापडला होता, पक्कडही हातात होती. मी सहज फोनकडे बघून म्हटलं, "अण्णा, तोवर डायरेक्ट करते."

"नको."

"दोनच दिवस हो."

"नको म्हटलं ना!" हे इतकं स्पष्ट आलं की मागे आई वळून बघायला लागली. मग ते थांबले. शब्द जुळवत असावेत. मी पहिल्यांदाच मधे बोलले नाही. "फ्यूज... का गेला... ते बघितलंस?"

नव्हतं बघितलं. सापडला यातच मी खूश होते.

"तार घालायला... कोणीही येतं," अण्णा म्हणाले. "मी घातलीय. एकदा."

पुढचं सांगायला त्यांना वीसेक मिनिटं लागली. मी ते त्यांच्या तुटक शब्दांत लिहीत नाही, सलग लिहिते. ते तेव्हा द्राक्षांच्या पट्ट्यातल्या एका गावाला होते. एप्रिलची छाटणी झालेली, बागांना पाणी हवं, लाईट रात्रीची आणि डीपीवर तिच्या कुवतीपेक्षा कितीतरी जास्त मोटारी. एका रात्रीत तिसऱ्यांदा फ्यूज उडाला. दहा-पंधरा माणसं डीपीखाली जमलेली. कोणी शिव्या देत होतं, कोणी हात जोडत होतं. अण्णांनी दोनदा नेमाची तार बांधली होती. तिसऱ्यांदा त्यांनी लाईनच्या अॅल्युमिनियमच्या तारेचा एक पेड सोडवून तोच फ्यूजमध्ये बांधला. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. पहाटे चारला डीपी जळाली. दुसरी यायला अठरा दिवस लागले. तोवर ज्यांना विहिरीवर इंजिन लावणं परवडलं त्यांनी बागा वाचवल्या. एकाची संपूर्ण बाग वाळली, ती त्याने मुळासकट काढली.

चौकशी झाली आणि अण्णांची बदली जतच्या बाजूला झाली.

ती बदली मला नीट आठवते. मी सातवीत होते. शाळा, मैत्रिणी, गॅदरिंगमधलं नाचाचं पहिलं बक्षीस, सगळं सोडून आम्ही दुष्काळी भागात गेलो. तिथे पाण्याचा टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. "नोकरी म्हटली की बदली आलीच," एवढंच आम्हाला सांगितलं होतं. मी त्या वर्षी अण्णांशी धड बोलले नव्हते. मला वाटायचं, यांनी कोणाला तरी भेटून, विनंती करून ती थांबवायला हवी होती. इतर लोक थांबवतातच की. पुढे मोठी झाल्यावर राग गेला, पण आत कुठेतरी नोंद राहिली होती.

"आणि तो?" मी विचारलं. "ज्याची बाग गेली तो?"

"दर वर्षी... पेटी पाठवायचा."

द्राक्षांची पेटी! फेब्रुवारी-मार्चमध्ये एसटीतून एक पेटी यायची, आम्ही भावंडं त्यावर तुटून पडायचो. अण्णा एक मणीही खायचे नाहीत. दात आंबतात म्हणायचे.

"त्याला वाटायचं... आमच्यासाठी केलं वायरमननं... आणि त्यालाच शिक्षा झाली."

"तुम्ही सांगितलं नाही?"

अण्णांनी मान हलवली. आईने पुढे येऊन फोन उचलला आणि कॅमेरा छताकडे गेला. पंखा दिसत होता. "झोप आता तू," आई म्हणाली. तिला हे सगळं आधीपासून माहीत होतं, ते आवाजावरून कळलं.

तारेचा तुकडा मी परत डब्यात टाकला. नवऱ्याने काही विचारलं नाही. चादरी गाडीत घालून तो दहा मैलांवरच्या लाँड्रोमॅटमध्ये गेला आणि रात्री साडेबाराला वाळवून घेऊन आला, त्याला त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

मग गुरुवारी मी 'का गेला' ते शोधलं. ड्रायर गरम हवा ओढतो, ती कपड्यांतून फिरवतो आणि ओली हवा एका चार इंची नळातून घराबाहेर सोडतो. तो नळ तुंबला की गरम हवा हीटरच्या पेटीतच घुटमळते. पहिली टिकली सुटते, जुळते, सुटते, जुळते... आणि एक दिवस दुसरी टिकली कायमची तुटते. आमच्या ड्रायरमागे चंदेरी कागदाची घडीची नळी होती. ड्रायर मागे ढकलताना ती भिंतीला चेपून भाकरीसारखी चपटी झाली होती. तिथून पुढे पत्र्याचा नळ गॅरेजच्या छतातून वीसेक फूट जातो. गॅरेज थंडगार, त्यामुळे आतली वाफ नळालाच सुटते आणि ओली लोकर तिथे थापली जाते. बाहेरच्या झडपेवर तर लोकर आणि बर्फ मिळून असा काही बुच बसला होता की ती उघडतच नव्हती.

आणि याची सूचना मिळाली नव्हती असंही नाही. दिवाळीपासून टॉवेल एका फेरीत वाळत नव्हते, मी दोनदा लावत होते. ड्रायरचा वरचा पत्रा हात लावला तर चटका बसेल इतका तापत होता. त्या खोलीच्या खिडकीवर पाणी साचत होतं. मला वाटलं, जुना झालाय. जाळी तर मी दर वेळी साफ करत होते, पण त्या दिवशी ती नळाखाली धरली तर पाणी वरच साचून राहिलं. कपडे मऊ व्हावेत म्हणून घालतात त्या सुगंधी कागदांचा मेणचट थर! साबण आणि जुना टूथब्रश लावल्यावर पाणी आरपार गेलं.

इथल्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा हिशोब काढला होता. घरांमध्ये ड्रायरमुळे लागणाऱ्या आगी वर्षाला सुमारे २,९००, आणि सगळ्यात मोठं कारण काय, तर साफसफाई न करणं. हा आकडा वाचला तेव्हा दोन्ही मुलं ड्रायरच्या बरोब्बर वरच्या खोलीत झोपली होती. मी वर जाऊन बघून आले. काही कारण नव्हतं.

ड्रिलला लावायचा लांब दांड्यांचा ब्रश मिळतो, तो आणून नळ दोन्ही बाजूंनी घासला. कचऱ्याची एक मोठी पिशवी भरली. राखाडी, दमट, मधे मधे गुलाबी. तो गुलाबी धाकट्याच्या पहिलीतल्या टोपीचा असावा, आणि तो आता तिसरीत आहे. चंदेरी नळी फेकून आखूड पत्र्याची नळी बसवली. जोडावर स्क्रू मारायचे नाहीत, आत आलेल्या टोकांना लोकर अडकते. अॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावायची. शुक्रवारी टिकल्या आल्या. दोन्ही बदलल्या, कारण नवीन कटऑफबरोबर जुना थर्मोस्टॅट ठेवू नये असं पाकिटावरच लिहिलं होतं. मागचा पत्रा लावला. एक स्क्रू उरला. (तो नेहमी उरतोच.)

त्या रात्री फोन लावला तेव्हा अण्णा आधीच डब्यासमोर बसले होते, चष्मा लावून. मी टॉवेल घातले आणि बटण दाबलं. ड्रम फिरायला लागला. दोन मिनिटांनी काचेला हात लावला तर कोमट. पाच मिनिटांनी गरम.

"आली?" अण्णांनी विचारलं. लाईट आल्यावर विचारतात तसं.

"आली!"

"बाहेर... झडप बघ."

"अहो अण्णा, उणे दहा आहे बाहेर."

ते नुसते बघत राहिले. मग कोट चढवला, बूट घातले आणि फोन घेऊन घराच्या मागे गेले. अंधारात काही दिसेना, म्हणून मोठीला बॅटरी घेऊन बोलावलं. उजेड पडला तर झडप सताड उघडी होती आणि तिच्यातून वाफेचा जाड लोट भसाभसा बाहेर पडत होता. खालचा बर्फ वितळायला लागला होता. आम्ही दोघी तिथे कुडकुडत उभ्या, आणि अण्णा तिकडे चष्मा वर करून ती वाफ बघतायत. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मी फोन ठेवलाही नाही.

"अजून थोडं... जवळ धर," ते म्हणाले.

मागून आई म्हणत होती, "अहो, गोळी राहिलीय तुमची."